निष्काळजीपणा नावाचे कारण

द्राक्षबागेत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या आणि बुरशीनाशकाच्या डब्यावर एक चौकोन छापलेला असतो. तो एका कोपऱ्यावर उभा केलेला असतो. वरच्या अर्ध्या भागात इशारा आणि खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. डब्यासोबत बारीक अक्षरांतले एक घडीपत्रक येते. हातमोजे घाला, तोंडाला मास्क लावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, काम करताना खाऊ-पिऊ नका, अंगाला लागल्यास साबणाने धुवा, अशा सूचना त्यात असतात. तासगाव तालुक्यात हे पत्रक जितक्या घरांत पोचते, तितक्या घरांत विज्ञानाचे दुसरे एखादे छापील साहित्य, पाठ्यपुस्तके सोडली तर, क्वचितच पोचत असेल. पाठ्यपुस्तकांची चिकित्सा आपण शिक्षक नेहमी करतो. या पत्रकाची मात्र कोणी करीत नाही. ती करून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पत्रक वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती क्रियापदांची. जवळजवळ सगळी आज्ञार्थी आहेत : घाला, लावा, टाळा, धुवा. ही आज्ञा कोणाला आहे? ‘वापरणाऱ्याला’. पण वापरणारा म्हणजे कोण? दुकानातून औषध विकत आणणारा बागायतदार? पहाटे टाकीत ते कालवणारा गडी? ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर ओळींमधून नेणारा चालक? की फवारणीनंतर त्याच पानांत हात घालून घडांची विरळणी करणाऱ्या मजूर बाया? प्रत्यक्षात हे चौघे वेगळे असू शकतात. त्यांचे अधिकार वेगळे आणि त्यांच्या अंगावर येणारा विषाचा अंशही वेगळा. पत्रकाला मात्र हे चौघे एकच व्यक्ती वाटतात. ही व्यक्ती वाचू शकते, तिला वेळ असतो, हातमोजे तिच्या हाताशी असतात, आणि काय फवारायचे व कधी थांबायचे हे तीच ठरवते.

या पत्रकामागे एक सिद्धान्त आहे. तो कुठे छापलेला नाही, पण प्रत्येक ओळीत गृहीत धरलेला आहे. अपघात का होतो? सूचना माहीत नसतात किंवा माहीत असून पाळल्या जात नाहीत म्हणून. एका शब्दात, निष्काळजीपणामुळे. सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हाही हाच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला. मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, अंगात सदरा नव्हता. हे सारे खरे असू शकते. प्रश्न असा की, ते कारण आहे का?

अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचा आकडा

‘अपघात म्हणजे माणसाची चूक’ या समजुतीला शास्त्राचे वजन मिळवून देणाऱ्यांत हर्बर्ट हाइनरिश यांचे नाव अग्रभागी येते. अमेरिकेतील ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत ते काम करीत. औद्योगिक अपघातांच्या प्रतिबंधावरील त्यांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ७५,००० अपघातांच्या नोंदी तपासून त्यांनी अशी विभागणी केली : ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे, १० टक्के असुरक्षित यंत्रांमुळे किंवा परिस्थितीमुळे, आणि २ टक्के टाळता न येण्याजोगे. पुढे कित्येक दशके हा आकडा सुरक्षा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिकवला गेला. हाइनरिश यांनी यंत्रांना संरक्षक आवरणे बसवण्याचा आग्रहही धरला होता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो आकडा.

या आकड्यावर नंतर झालेली टीका विज्ञानाच्या शिक्षकाने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. पहिला आक्षेप नोंदींबद्दल आहे. त्या कामगारांनी लिहिलेल्या नव्हत्या. त्या मालकांच्या आणि विमा कंपनीच्या दप्तरातल्या होत्या. अपघाताचा अहवाल मुकादम लिहीत असेल, तर ‘यंत्राला आवरण नव्हते’ असे लिहिण्यापेक्षा ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे लिहिणे त्याला सोयीचे असते. दुसरा आक्षेप पद्धतीबद्दल आहे. एका अपघाताला एकच मुख्य कारण लावायचे असे ठरवले, की शेवटच्या क्षणी जे घडले तेच कारण म्हणून पुढे येते, आणि शेवटच्या क्षणी तेथे माणूसच असतो. तिसरा आक्षेप सर्वांत साधा आहे. त्या मूळ नोंदी आज तपासायला उपलब्ध नाहीत. जे मोजमाप पुन्हा तपासता येत नाही, त्यावर इतका मोठा सिद्धान्त उभारणे विज्ञानाच्या शिस्तीत बसत नाही.

दुसरा आक्षेप एका उदाहरणाने पाहू. पहाटेच्या अंधारात टाकीत औषध ओतताना डबा निसटला आणि ओतणाऱ्याच्या हातावर सांडला. नोंद काय होईल? ‘हातमोजे घातले नव्हते.’ आता मागे जाऊ. टाकीचे तोंड छातीच्या उंचीवर होते. डब्याच्या तोंडाची रचना अशी की ओतताना औषध गचके देत बाहेर येते. मोजमापाचे भांडे नव्हते, झाकणानेच मोजायचे होते. रात्री पाऊस झाल्यामुळे डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा, धोका होता आणि ऊन चढण्याआधी फवारणी उरकायची होती. गडी आदल्या दिवशीही उशिरापर्यंत कामावर होता. यांपैकी कोणतीही एक गोष्ट वेगळी असती तर हातावर औषध कदाचित सांडले नसते. तरीही नोंदवहीत उरते ते एकच वाक्य, हातमोज्यांचे.

आपली परिस्थिती, दुसऱ्याचा स्वभाव

ही खोड फक्त मुकादमाची नाही. ती आपल्या सर्वांची आहे आणि सामाजिक मानसशास्त्राने तिचा बराच अभ्यास केला आहे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला अवाजवी महत्त्व देतो आणि त्याच्या परिस्थितीला कमी. या प्रवृत्तीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘मूलभूत आरोपण दोष’ अशा अर्थाचे नाव दिले. शाळेत याचे उदाहरण रोज मिळते. विद्यार्थी उशिरा आला तर तो आळशी असतो. शिक्षक उशिरा आले तर एसटी चुकलेली असते.

याच्या जोडीला आणखी एक प्रवृत्ती आहे. जगात जे घडते ते न्यायानेच घडते असे मानण्याकडे आपला कल असतो, असे मेल्विन लर्नर यांनी दाखवून दिले. एखाद्याला विषबाधा झाली आणि त्याने काहीतरी चूक केली होती असे कळले, की आपल्याला आतून दिलासा मिळतो. ‘मी तशी चूक करत नाही, म्हणजे मी सुरक्षित.’ निष्काळजीपणा हे स्पष्टीकरण त्यामुळेच लोकप्रिय आहे. ते अपघाताविषयी फार थोडे सांगते, पण ऐकणाऱ्याला निर्धास्त करते. शिवाय ते स्वस्तही आहे. उपाय म्हणून आणखी एक भित्तिपत्रक छापले की काम संपते.

यवतमाळकडे पुन्हा पाहू. त्या वर्षी कपाशी अनेक ठिकाणी माणसाच्या उंचीएवढी किंवा त्याहून उंच वाढली होती आणि दाटही होती. फवाऱ्याची नळी खांद्याच्या वर धरावी लागे, त्यामुळे तुषार स्वतःच्याच अंगावर येत. हवा उष्ण आणि दमट होती. किडीच्या प्रादुर्भावामुळे फवारण्या वाढल्या होत्या आणि अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली होती. या परिस्थितीत मास्कने किती फरक पडला असता? फवारणी करणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या विषाचा मोठा भाग नाकातोंडावाटे जात नाही, तो त्वचेवाटे जातो. घामाने आणि तुषारांनी भिजलेला सदरा तासन्‌तास अंगाला चिकटून राहिला, तर नाकाला बांधलेला रुमाल त्याला काय करणार? म्हणजे ‘मास्क नव्हता’ हे वाक्य खरे असूनही विषबाधेचे पुरेसे स्पष्टीकरण होत नाही.

चौकोन काय सांगतो

आता त्या रंगीत चौकोनाकडे येऊ. भारतात १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार तो ठरतो. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा, शरीराच्या दर किलो वजनाला मिलिग्रॅममध्ये, हा त्याचा पाया आहे. तोंडावाटे दिल्यास ही मात्रा १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. व्यवस्था सुटसुटीत आहे आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. हा तिचा मोठा गुण आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण ही मोजपट्टी एकाच प्रश्नाचे उत्तर देते : एकाच वेळी पोटात गेले तर किती मारक? द्राक्षबागेत काम करणाऱ्याचा प्रश्न निराळा आहे. तो औषध पीत नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत थोडे थोडे औषध त्याच्या हातांवर, कपड्यांवर आणि श्वासात येत राहते, हंगामामागून हंगाम. या दीर्घकालीन संपर्काबद्दल चौकोन काहीच बोलत नाही. मँकोझेब हे बुरशीनाशक द्राक्षबागायतदारांच्या अगदी परिचयाचे आहे. तीव्र विषारीपणाच्या मोजपट्टीवर ते हिरव्या गटात बसते. तरीही डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय संघाने त्याच्या मंजुरीचे नूतनीकरण नाकारले. प्रजननावरील परिणाम आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात होणारा अडथळा ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती. हिरवा चौकोन खोटे बोलत नाही. तो फक्त वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. पण रस्त्यावरचा हिरवा दिवा ‘जा’ म्हणतो हे शाळेत शिकलेल्या माणसाने हिरव्या रंगाचा अर्थ ‘निर्धास्त’ असा घेतला, तर दोष कोणाचा?

रंगाने भीती घालण्याची कल्पना द्राक्षबागेला तशी नवी नाही. फ्रान्समधील मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत, ते वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. अशा वेली केवडा रोगातून वाचल्या हे अलेक्सी मिलार्दे यांच्या १८८२ साली लक्षात आले आणि त्यातून बोर्डो मिश्रण जन्मले. चोराला निळा रंग पाहून मागे फिरता येत होते, कारण त्याला तेथे थांबण्याची सक्ती नव्हती. मजुराने रंग कितीही नीट ओळखला तरी तो मागे फिरू शकत नाही.

सूचनांमध्येही एक उणीव आहे. त्या काय करायचे ते सांगतात, का करायचे ते सांगत नाहीत. याचे ठळक उदाहरण म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हे रसायन लावतात. बागेत याला ‘पेस्टिंग’ म्हणतात. काम बहुधा मजूर हाताने करतात. ‘या कामाच्या आधी व नंतर मद्यपान करू नये’ अशी यासाठीची सूचना आहे. ऐकणाऱ्याला ती व्यसनमुक्तीच्या उपदेशासारखी वाटते आणि उपदेश कानाआड करण्याची आपल्याला सवय असते. वास्तविक ही नीतीची गोष्ट नाही, शुद्ध रसायनशास्त्राची आहे. मद्याचे यकृतात ॲसिटाल्डिहाइड होते आणि एक विकर त्याचे पुढे विघटन करते. सायनामाइड नेमके हेच विकर बंद पाडते. मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरू शकतो. याच गुणधर्मामुळे सायनामाइडच्या वर्गातील एक संयुग मद्यपाशातून सोडवण्याचे औषध म्हणून काही देशांत वापरले गेले. एवढे एक कारण सांगितले असते तर ती सूचना उपदेश न राहता माहिती झाली असती. इटलीत या शतकाच्या आरंभी या रसायनामुळे शेतीत काम करणारे आजारी पडल्याच्या नोंदी झाल्या, आणि २००८ साली युरोपीय संघाने त्याला मंजूर यादीत घेतले नाही.

‘आजवर काही झाले नाही’

सुरक्षिततेचे व्याख्यान देणाऱ्याला ‘मी वीस वर्षे फवारतोय, मला काही झालं नाही’ हे उत्तर बऱ्याचदा मिळते. व्याख्याते याला अडाणीपणा म्हणतात. पण तो अडाणीपणा नव्हे. अनुभवावरून निष्कर्ष काढणे ही तर विज्ञानाचीच रीत. गफलत आहे ती या अनुभवाच्या स्वरूपात.

ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप पोचला की तो निरोप पुसून टाकण्याचे काम हे विकर करते. थोड्या संपर्काने त्याची पातळी थोडी घसरते. लक्षणे दिसत नाहीत. पातळी पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. तोवर पुढची फवारणी येते आणि पातळी आणखी खाली जाते. अशा कित्येक फवारण्या ‘काही झाले नाही’ म्हणून जमा होतात आणि मग एके दिवशी नेहमीच्याच मात्रेने माणूस कोसळतो : डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, तोंडाला लाळ, दरदरून घाम, श्वास अडकलेला. म्हणजे प्रत्येक वेळी अनुभवाने जो सुरक्षिततेचा धडा दिला तो खोटा होता. शरीर आतून सीमेकडे सरकत होते.

समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी २८ जानेवारी १९८६ रोजी कोसळलेल्या चॅलेंजर अवकाशयानाचा अभ्यास करून १९९६ मध्ये असेच काही दाखवले. यानाच्या रबरी कड्या उड्डाणांत झिजत असल्याचे अभियंत्यांना ठाऊक होते. पण याने सुखरूप परतत होती, त्यामुळे ती झीज हळूहळू ‘चालण्यासारखी’ ठरत गेली. तेथे अडाणी कोणीच नव्हते. नियमाबाहेरची गोष्ट पुन्हा पुन्हा निभावली, की सगळा गट मिळून तिलाच नियम मानू लागतो. नासाच्या अभियंत्यांना जे लागू पडले ते तासगावच्या बागेत लागू पडू नये असे कारण नाही. फरक एवढाच की अभियंत्यांच्या बाबतीत आपण ‘संस्थेची कार्यपद्धती’ म्हणतो आणि गड्याच्या बाबतीत ‘निष्काळजीपणा’.

अनुभव फसवा असेल तर त्यावर उपाय उपदेश नसून मोजमाप आहे. रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी करता येते. कॅलिफोर्नियात अशा औषधांशी नियमित संबंध येणाऱ्या शेतमजुरांसाठी १९७४ पासून तिची व्यवस्था आहे. आपल्या १९७१ च्या नियमांतही फवारणीच्या कामावरील माणसांच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. पण हे नियम कामावर ठेवणारा एक मालक आणि कामावर असणारे ठरावीक कामगार गृहीत धरतात. आज या बागेत, उद्या त्या बागेत जाणाऱ्या रोजंदारीच्या मजुराची तपासणी कोणी करायची? आणि स्वतःच्याच बागेत फवारणाऱ्या लहान शेतकऱ्याची?

निवड कोणाची?

जोखमीच्या अभ्यासात चॉन्सी स्टार यांचा १९६९ चा निबंध प्रसिद्ध आहे. लोक स्वेच्छेने पत्करलेली जोखीम लादलेल्या जोखमीपेक्षा सुमारे हजारपट अधिक चालवून घेतात, असे त्यांनी मांडले. पुढे पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तज्ज्ञ मृत्यूंच्या संख्येवरून जोखीम तोलतात, तर सामान्य माणूस ती भयानक आहे का, अनोळखी आहे का, आपल्या ताब्यात आहे का, यावरून तोलतो. ओळखीच्या धोक्याची भीती कमी वाटते. आपल्या भाषेतच पाहा. फवाऱ्यातल्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. झाडाला ते औषध आहेच. पण शब्द ओळखीचा झाला की वस्तूही घरातली होते.

हे संशोधन मोलाचे आहे. तथापि येथेही एक अडचण आहे. स्टार यांची स्वेच्छेची उदाहरणे शिकार, बर्फावरील खेळ, धूम्रपान अशी होती. रोजंदारीवर विरळणीला आलेल्या बाईने स्वीकारलेली जोखीम कोणत्या खान्यात टाकायची? तिला कोणी बांधून आणलेले नाही. पण काल काय फवारले हे तिने विचारले नाही, आणि विचारले असते तरी ‘मग मी दोन दिवसांनी येते’ म्हणणे तिला परवडणारे नव्हते. बागायतदारही पुरता मोकळा नाही. शेजारच्या बागेत डाऊनी दिसली आणि आभाळ आले, की एक फवारणी टाळल्याने वर्षाचे पीक जाऊ शकते. कर्ज डोक्यावर असते. जोखीम कशी दिसते यावर मानसशास्त्राने पुष्कळ लिहिले. जोखीम नाकारण्याची सोय कोणाला आहे यावर त्या मानाने कमी लिहिले गेले. पत्रक तर या प्रश्नाच्या जवळही जात नाही.

युरोपच्या ताटासाठी

यावर कोणी म्हणेल, शेतीचे काम विखुरलेले, लाखो लहान बागा, तेथे उपदेशाशिवाय दुसरे काय शक्य आहे? याचे उत्तर याच द्राक्षबागांनी दिलेले आहे.

निर्यातीच्या द्राक्षांतील औषधांच्या अंशांवर नियंत्रण ठेवण्यासाठी अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू केली. बागेची प्लॉटनिहाय नोंदणी, फवारण्यांची लेखी नोंद, प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ, काढणीआधी नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी असा हा क्रम आहे. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिच्या केंद्रस्थानी आहे. युरोपातल्या दुकानातील पेटीवरून ती द्राक्षे कोणत्या बागेतली हे शोधता येते. सन २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे किलोला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त आढळले आणि मोठा माल अडकला. बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर त्या रसायनाची तपासणीही व्यवस्थेत आली.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या वेळी ‘युरोपातील ग्राहकांनी द्राक्षे नीट धुवून खावीत, तसे न करणे हा त्यांचा निष्काळजीपणा आहे’ असा उपाय कोणी सुचवला नाही. सुचवला असता तर तो हास्यास्पद ठरला असता. ग्राहकाचा स्वभाव बदलण्याऐवजी व्यवस्था बदलली गेली, आणि तेच योग्य होते. मग त्याच द्राक्षांवर, त्याच औषधांबाबत, ग्राहकाच्या पोटात जाणारा मिलिग्रॅमचा शतांश जर मोजता येतो, तर फवारणाऱ्याच्या अंगावर पडणारे औषध मोजण्याऐवजी त्याच्यासाठी घडीपत्रक पुरेसे का मानले जाते? काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ निर्यातदार बागायतदाराला पाठ असतो. फवारणीनंतर मजुरांनी किती तास बागेत शिरू नये, याची नोंद त्याच वहीत त्याच काटेकोरपणे का नसावी? एका रकान्याचाच तर प्रश्न आहे.

निष्कर्ष

हातमोजे निरुपयोगी आहेत असे या विवेचनातून कोणी समजू नये. औषध कालवताना रसायनरोधक हातमोजे घालणे, कपडे लगेच बदलून वेगळे धुणे, याने संपर्क खरोखरच कमी होतो. पण औद्योगिक आरोग्यशास्त्रात उपायांची एक उतरंड मानतात. आधी धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी घातक पर्याय वापरा. मग यंत्ररचनेने माणूस आणि धोका यांत अंतर ठेवा. मग कामाच्या वेळा आणि पद्धती बदला. हातमोजे व मास्क यांची पायरी सर्वांत शेवटची, कारण ती पूर्णपणे माणसाच्या आठवणीवर, सहनशक्तीवर आणि खिशावर अवलंबून असते. आपले पत्रक या शेवटच्या पायरीवरून सुरू होते आणि तेथेच संपते. हा त्याचा मुख्य दोष आहे.

वरच्या पायऱ्या अशक्य नाहीत. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रवरूप उत्पादनावर टप्प्याटप्प्याने बंदी आणणारा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला. ही पहिली पायरी. हवामानाच्या अंदाजावरून अनावश्यक फवारण्या टाळणे आणि बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून पाने कोरडी ठेवणे, ज्याने डाऊनी आणि तिच्यासाठीच्या फवारण्या दोन्ही कमी होतात, हेही वरच्या पायऱ्यांवरचे उपाय. ट्रॅक्टरला बंद केबिन आणि जमिनीलगत बसवलेले औषध भरण्याचे भांडे ही यंत्ररचना. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागतो आणि लहान बागायतदाराला तो एकट्याने झेपणारा नाही, हे उघड आहे. पण म्हणूनच चर्चा तेथे व्हायला हवी. निष्काळजीपणा हा शब्द ती चर्चा सुरू होण्याआधीच बंद करतो.

शाळेत यासाठी वेगळा तास नको. नववी-दहावीच्या वर्गात अशा एखाद्या पत्रकाची छायाप्रत आणावी (डबा आणू नये, रिकामा तर मुळीच नाही). प्रत्येक सूचनेपुढे मुलांनी तीन गोष्टी लिहाव्यात : ही सूचना कोणासाठी आहे, तिच्यामागचे शास्त्रीय कारण काय, आणि ती पाळण्यासाठी त्या माणसाकडे काय असावे लागेल. ज्यांच्या घरी बाग आहे ती मुले आणि ज्यांची आई मजुरीला जाते ती मुले यांची उत्तरे वेगळी येतील. ती शेजारी शेजारी फळ्यावर लिहावीत. पुढच्या तासाला वर्तमानपत्रातील अपघाताची एखादी बातमी घ्यावी आणि तिची किमान पाच कारणे लिहायला सांगावीत. अट एकच ठेवावी, उत्तरात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द येता कामा नये.